एकोणीस नंबरच्या रक्तातलं औषध

१

"कर्करोगाच्या इतिहासाचे यापुढे दोन भाग पडतील," डॉक्टर योगेंद्र उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले होते, "साकोलीच्या आधीचा आणि साकोलीच्या नंतरचा." टाळ्या पडणार, इतक्यात खालच्या बियाण्यांच्या दुकानाचे मालक जिना चढून वर आले आणि पांढरी मोटरसायकल कोणाची आहे, धानाचा ट्रक लागायचा आहे, असं त्यांनी सभेला विचारलं. मोटरसायकल डॉक्टरांचीच होती. त्यामुळे इतिहासाचा दुसरा भाग दहा मिनिटं उशिरा सुरू झाला.

तो सुरू होऊन पंधरा महिने झाले, तेव्हाची ही गोष्ट.

केंद्राचं काम तसं साधं होतं. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन ज्यांना तोंडाचा कर्करोग झाला, ज्यांचं ऑपरेशन झालं, किरणांचे शेक देऊन झाले, अशा एक्केचाळीस माणसांना रोज दोन गोळ्या द्यायच्या आणि रोग परत येतो का ते दोन वर्षं बघायचं. निम्म्या माणसांच्या डब्यात औषधाच्या गोळ्या. निम्म्यांच्या डब्यात हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. कोणाला कोणत्या, हे रुग्णाला माहीत नाही, सिस्टरला नाही, डॉक्टरांनाही नाही. ते ठाऊक फक्त पुण्याच्या मुख्य केंद्रातल्या संगणकाला, आणि तो कोणाशी बोलत नाही. अशा रीतीने कोणालाच काही माहीत नसलं की त्यातून जे निघतं त्याला पुरावा म्हणतात.

सोमवारी पुण्याहून पत्र आलं. रुग्ण क्रमांक एकोणीसच्या रक्तात औषध सापडलं होतं. क्रमांक एकोणीसच्या डब्यात पहिल्या दिवसापासून औषध नव्हतं.

म्हणजे एक तर चमत्कार झाला होता किंवा लबाडी. पुण्याचा चमत्कारांवर विश्वास नसल्यामुळे गुरुवारी एक साहेब चौकशीला येणार होते.

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. क्रमांक एकोणीस म्हणजे एकोडीचे पुंडलिकराव. डब्यांच्या कपाटाची किल्ली एकच होती आणि ती सिस्टर कौशल्याच्या गळ्यात असायची. इथपर्यंत ठीक होतं. पण पुंडलिकराव हे कौशल्याचे सख्खे मामा होते.

२

अशा प्रत्येक संशोधनावर एक नैतिकता समिती असावी लागते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतो, आणि नियमानुसार एक सामान्य माणूस असावा लागतो. साकोलीत सामान्य माणूस शोधायला दोन महिने लागले. ज्याला विचारावं तो कशाचा तरी अध्यक्ष निघायचा, नाहीतर माजी सरपंच. शेवटी दादाजी सापडले. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर, निवृत्त, कुठल्याही मंडळावर नाहीत, सत्कार एकही झालेला नाही. समितीने त्यांची सामान्यता एकमताने मंजूर केली.

कौशल्या त्यांच्याकडे गेली ती मंगळवारी सकाळी. दादाजी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होते. तिने पत्राबद्दल सगळं सांगितलं. रुग्णाला चोरून खरी गोळी दिली असं ठरलं तर तिची नोकरी जाणार होती, नर्सिंगच्या नोंदणीतून नाव जाणार होतं, आणि केंद्र बंद पडणार होतं. एक्केचाळीस माणसांना मग तपासणीला नागपूर गाठावं लागेल. त्यातले निम्मे जाणार नाहीत, दुखणं अंगावर काढतील, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दादाजी, म्या केलं नाही," ती म्हणाली. "पण म्या केलं नाही हे म्याच सांगून काय फायदा?"

दादाजींनी एक शेंग सोलून संपवली. मग त्यांनी विचारलं की एकोडीचा दुसरा कोणी आहे का या गोळ्यांवर. आहे, ती म्हणाली. चौदा नंबर, खेमराज.

दादाजींना ही जोडी आठवत होती. एकोडीच्या गाडीवर हे दोघं म्हणजे त्यांची कायमची डोकेदुखी. निघताना खेमराज खिडकीशी बसायचा. गाडी बरोबर अर्ध्या वाटेत कालव्याच्या पुलावर आली की दोघं उठायचे, आणि तिथून पुढे खिडकी पुंडलिकरावांची. चालत्या गाडीत उठू नका म्हणून दादाजी वर्षानुवर्षं ओरडले. पूल आला की दोघं उठायचेच. एकदा पूल दुरुस्तीला होता आणि गाडी दुसऱ्या रस्त्याने गेली, तर यांनी अर्धी वाट कुठे येते यावरून घंटी मारायला लावून गाडी थांबवली होती.

कौशल्या हसली नाही. तिने विचारलं, याचा काय संबंध.

"मले बी माहीत नाही," दादाजी म्हणाले. "पण गाडीत गडबड झाली का पहिलं ड्रायव्हरले नाही इचारत कोणी. पहिलं तिकिटं पाह्यतेत. तुमच्या इथं तिकिटं कुठं ठेवतेत?"

३

दादाजींनी आधी डॉक्टरांची गाठ घेतली. डॉक्टर योगेंद्र स्वतःहून म्हणाले की संशय त्यांच्यावरही घेता येईल. परदेशी नियतकालिकात त्यांचा निबंध येणार होता, आणि औषध चाललं तर निबंध जास्त चांगला दिसणार होता. पण एवढ्यासाठी औषध नसलेल्या माणसाला औषध देणं म्हणजे आपल्याच निबंधाच्या पायावर धोंडा पाडणं. दोन्ही गट सारखेच बरे झाले तर औषध निरुपयोगी ठरेल. दादाजींनी हे दोनदा समजावून घेतलं आणि डॉक्टरांचं नाव मनातल्या यादीतून खोडलं. डॉक्टरांना त्याचं थोडं वाईट वाटलं.

मग कुंदन. हा पन्नाशीचा कारकून पूर्वी तहसील कार्यालयात कंत्राटी होता आणि तिथल्यासारखाच इथेही बसायचा. रुग्ण महिनाअखेर रिकाम्या गोळ्यांच्या पट्ट्या डब्यासकट परत आणून देत, आणि त्या मोजून कुंदन रजिस्टरात लिही. हीच ती तिकिटं. प्रत्येक रुग्णाची दर महिन्याला एक प्लॅस्टिकची पिशवी, वर नंबर.

कुंदनचं म्हणणं एवढंच होतं की त्याच्या खात्यात काही गडबड नाही. डब्यात सहा पट्ट्या, पट्टीत दोन ओळींत पाच-पाच अशा दहा गोळ्या, म्हणजे साठ. साठ रिकामे खळगे परत आले की 'बरोबर' असा शिक्का. इतर रुग्णांचे खळगे कधी सत्तावन्न येत, कधी अठ्ठावन्न. कोणी विसरतं, कोणाच्या हातून गोळी शेणात पडते. पण चौदा आणि एकोणीस या दोन नंबरांचे पंधरा महिने न चुकता साठ. कुंदनच्या मते साऱ्या जिल्ह्यात असे शिस्तीचे पेशंट नव्हते.

"डब्बे कोण खोलते?" दादाजींनी विचारलं.

डबे पुण्याहून सीलबंद येत. रुग्णाने स्वतःच्या हाताने सील फोडायचं, आतल्या पट्ट्या बघायच्या, सही करायची, मगच डबा घरी न्यायचा. सील फुटलेलं दिसलं तर डबा परत. रजिस्टरात सगळ्या सह्या होत्या, पुंडलिकरावांचा अंगठाही.

दादाजींनी चौदा नंबरची पिशवी उचलली, मग एकोणीस नंबरची. इतर पिशव्यांपेक्षा या दोन्ही जरा फुगलेल्या वाटल्या. त्यांनी आतलं एक काहीतरी काढलं, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, उजेडात धरलं आणि परत ठेवलं.

"कुंदनभाऊ, तुमी खळगे मोजता," ते म्हणाले. "पट्ट्या मोजता का?"

फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता, असं कुंदन सांगत होता, तेवढ्यात खाली ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजली. पुण्याचे साहेब दोन दिवस आधीच आले होते. आल्या आल्या त्यांनी कौशल्यापुढे हात केला आणि किल्ली मागितली.

४

वीरेंद्र हे साहेब वागायला शांत होते. स्वतःची पाण्याची बाटली आणि स्वतःचं मत, दोन्ही सोबत घेऊन आले होते. मत असं की सिस्टरने मामाला खरं औषध मिळावं म्हणून डबे बदलले. त्यांनी ते कोणालाही न दुखावता सांगितलं. कौशल्याने गळ्यातली किल्ली काढून दिली. पंधरा महिन्यांत पहिल्यांदाच ती निघाली होती, आणि मानेवर दोरीची पांढरी खूण तेवढी राहिली.

बुधवार हा एकोडीकरांच्या तपासणीचा दिवस, म्हणून वीरेंद्रांनी चौकशी एक दिवस थांबवली. दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीने खेमराज आणि पुंडलिकराव आले. दोघंही सत्तरीच्या आतबाहेर, दोघांच्याही डाव्या गालाला टाक्यांची खूण. डॉक्टरांनी बॅटरी लावून त्यांची तोंडं तपासली. दोन्ही स्वच्छ.

मग पुंडलिकरावांना टेबलासमोर बसवण्यात आलं. कोपऱ्यात दादाजी बसले होते. वीरेंद्रांनी विचारलं, हे कोण.

"सामान्य माणूस," दादाजी म्हणाले. "समितीनं ठरवलेला."

वीरेंद्रांनी कागद बघून खात्री करून घेतली आणि प्रश्न सुरू केले. भाचीने कधी वेगळा डबा दिला? नाही. जास्तीच्या गोळ्या दिल्या? नाही. डब्यातल्या सगळ्या गोळ्या घेता? साठच्या साठ, चुकली नाही एकबी. खर्रा सोडला का? पूर्ण सोडला. अडकित्ता मात्र अजून खिशात असतो. चाळीस वर्षं सुपारी फोडली, हाताला तेवढी सवय राहिली आहे. पुंडलिकराव सगळी उत्तरं खरी देत होते, हे बघणाऱ्या कोणालाही कळत होतं. त्यामुळे कौशल्याचा चेहरा आणखीच उतरला. मामा खरं बोलत असतील तर खोटं तिच्याच वाट्याला येत होतं.

वीरेंद्रांनी अहवाल लिहायला पेन उघडलं.

"साहेब," दादाजी म्हणाले, "ते पत्र पुरं वाचता येईन का?"

डॉक्टर म्हणाले की पत्र सगळ्यांनी वाचलं आहे. दादाजी म्हणाले की सगळ्यांनी पहिलं पान वाचलं आहे, खाली 'पुढे पाहा' लिहिलंय. चौकशी केल्यावर कळलं की सोमवारी कुंदनच्या प्रिंटरमधली शाई पहिल्या पानावरच संपली होती, आणि उरलेलं पत्र नवीन शाई येण्याची वाट बघत मोबाइलमध्ये पडून होतं. वीरेंद्रांनी आपल्या बॅगेतून दुसरं पान काढलं. त्यावर आता एकदमच तपासलेल्या तीन नमुन्यांचे आकडे होते. पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या महिन्यात एकोणीस नंबरच्या रक्तात औषध होतं, पण पुऱ्या मात्रेच्या निम्मं. त्याखाली दुसऱ्याच एका रुग्णाबद्दल एक ओळ होती: याच्या डब्यात औषध आहे, तरी रक्तात तिन्ही वेळा निम्मंच मिळालं, बहुधा गोळ्या चुकवतो, समज द्यावी.

त्या रुग्णाचा क्रमांक चौदा होता.

बाकावर बसलेल्या खेमराजने पुंडलिकरावांकडे बघितलं. पुंडलिकराव छताकडे बघत होते.

५

दादाजींनी कुंदनला दोन पिशव्या आणायला सांगितल्या आणि उभे राहिले. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी आधी वरच्या दांड्यासाठी हात वर केला, मग खाली घेतला.

"साहेब, डब्बे बदलले असते तं एकाच्या रक्तात पुरं औषध भेटलं असतं, दुसऱ्याच्या रक्तात काहीच नाही. सिस्टरनं मामाले चोरून जास्तीच्या देल्ल्या असत्या तं चौदा नंबरचं कमी कायले होईन? इथं दोघाइचं निम्मं-निम्मं आहे. तीन बार पाह्यलं, तीन बार निम्मं. चोर एवढा हिसाब नाही करत."

चौदा नंबर गोळ्या चुकवतो, हे पुण्याचं म्हणणंही टिकत नव्हतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. चुकवणाऱ्याचे साठ खळगे परत येत नाहीत. आणि चुकवणारा तीनदा नेमका निम्म्यावर कसा येईल.

मग त्यांनी पिशव्या टेबलावर ओतल्या. इतर रुग्णांच्या पिशव्यांत महिन्याच्या सहा अखंड पट्ट्या असायच्या. चौदा नंबरच्या पिशवीत गेल्या महिन्याचे बारा तुकडे होते. एकोणीसच्या पिशवीतही बारा. प्रत्येक पट्टी उभी, मधोमध कापलेली, तुकड्यावर पाच खळगे. पट्टीच्या डोक्यावर डब्याचा नंबर छापलेला असतो, तोही मधोमध तुटलेला. चौदाच्या पिशवीत सगळे डावे तुकडे. एकोणीसच्या पिशवीत सगळे उजवे.

दादाजींनी इकडचा एक तुकडा घेतला, तिकडचा एक घेतला, कडेला कड लावली. नंबर पुरा झाला.

वीरेंद्र पुढे झुकले. त्यांनी स्वतः आणखी एक जोडी लावून बघितली, मग आणखी एक. सहा जोड्या चौदाच्या डब्यातल्या जुळल्या, सहा एकोणीसच्या. साहेब आता चौकशी करत नव्हते, त्यांना नाद लागला होता.

"काप कात्रीचा नाही," दादाजी म्हणाले. "कात्री सरळ जाते. हा जरा बाकदार आहे. सील फोडून सही करतेवेळी पट्ट्या अखंड होत्या, तशी या रजिस्टरात सही आहे. म्हणजे कापल्या त्या गावात नेऊन. सिस्टरचा हात इथंच सुटते, साहेब, डॉक्टरचा बी अन् कुंदनभाऊचा बी." ते वळले. "पुंडलिकराव, खिशातलं काढा."

पुंडलिकरावांनी अडकित्ता काढून टेबलावर ठेवला. पात्याचा बाक आणि पट्टीची कड एकमेकांना ओळखत होती.

कौशल्याने मामाकडे बघितलं.

"मामाजी, काहून?"

६

उत्तर खेमराजने दिलं. मोठा तोच होता, चार महिन्यांनी.

"पोरी, तूच तं सांगतलं होतं. पह्यल्या दिवशी. एकाच्या डब्ब्यात खरी गोळी, एकाच्या डब्ब्यात खडू, अन् कोणाले कोणता ते कोणालेच माहीत नाही. घरी जाताना पुलावर म्या ह्याले म्हटलं, धानाची रोवणी आपून सावडीनं करतो. एक दिवस तुह्या बांधीत, एक दिवस माह्या. तलावाचं पाणी बी पाळीपाळीनं. मंग हे काहून एकट्या-एकट्यानं? दोन्ही डब्बे एकत्र करू. सकाळी माह्या डब्ब्यातली, सांजले ह्याच्या डब्ब्यातली. कोणाचा बी खरा निघो, दोघाइले अर्धा तं भेटन."

"पण पट्ट्या कायले कापल्या?" वीरेंद्रांनी विचारलं. त्यांच्याही तोंडून 'कायले' निघून गेलं होतं.

"पट्टी-पट्टीत फरक असला तं?" पुंडलिकराव म्हणाले, जणू हे कोणालाही सुचायला हवं होतं. "एकाले चांगली पट्टी, एकाले खराब. तसं नाही चालत. मधून कापली का बरोबर होते."

हे असं का केलं म्हणून कौशल्या त्यांना रागावली, आणि ते दोघं खाली मान घालून ऐकत राहिले. ती म्हणाली, एखाद्याला त्रास झाला असता तर? विचारायचं तरी. खेमराज म्हणाला की विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. त्यांच्यामुळे आपली नोकरी जाणार होती, हे तिने सांगितलं तेव्हा मात्र पुंडलिकरावांना ते पहिल्यांदाच कळलं. त्यांनी अडकित्ता तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले की हा ठेवून घे.

वीरेंद्रांनी किल्ली परत केली. अहवालात काय लिहायचं हा प्रश्न होता. देशभरात अशी बारा केंद्रं होती, त्यांनी सांगितलं, आणि हा प्रकार कुठेही झाला नव्हता. त्याचं कारण त्यांनी नंतर चहा घेताना डॉक्टरांजवळ कबूल केलं. इतर केंद्रांत संमतीचा फॉर्म छापील भाषेत वाचून दाखवतात, आणि तो रुग्णाला कळत नाही. इथे सिस्टरने तो धानाच्या बांधीतल्या भाषेत समजावून सांगितला. रुग्णाला संशोधन नीट समजण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्याचा व्हायचा तो परिणाम झाला.

दोघांना अभ्यासातून काढणार का, असं कौशल्याने भीत भीत विचारलं. नाही, वीरेंद्र म्हणाले. शास्त्राचा नियम असा, की माणूस पहिल्या दिवशी ज्या गटात पडला त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचा, मग त्याने काहीही खाल्लेलं असो. तेव्हा खेमराज औषध घेणाऱ्यांत राहतील, पुंडलिकराव न घेणाऱ्यांत राहतील, आणि नियम मोडल्याची नोंद वेगळ्या रकान्यात होईल. कुंदनने असा रकाना आहे हे ऐकून समाधानाने मान हलवली.

दोघांची तोंडं पंधरा महिने स्वच्छ का राहिली, औषधाने, खडूने की खर्रा सुटल्याने, हे आता पुण्याच्या संगणकालाही कधी कळणार नव्हतं.

डॉक्टर योगेंद्रांना राहवलं नाही. ते उभे राहिले. आज विज्ञानासमोर माणूस उभा राहिला आहे, ते म्हणाले. जी गोष्ट आकड्यांनी लपवली ती दोन शेतकऱ्यांनी दाखवली. उद्या जगभरच्या संशोधकांना साकोलीचं नाव घ्यावं लागेल, आणि त्या दिवशी या टेबलावरचे हे तुकडे एखाद्या संग्रहालयात ठेवले जातील. वीरेंद्रांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं.

खेमराजने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"साहेब, ते तुकडे ठेवा तुमी. पण ते रिकामे डब्बे वापस भेटतीन का? झाकण लय घट्ट लागते. घरी मीठ ओलं होऊन राह्यलं."

"ह्याच्या घरी बी," पुंडलिकरावांकडे बघून तो पुढे म्हणाला. "पण एकच असन तरी चालन."